पटवणारे पुष्कळ, पटून घेणारे आपण



मृग पंधरा दिवसांवर आला की एक गंमत करून पाहावी. नांदगाव पेठेच्या स्टँडवर एस.टी.तून उतरायचे आणि घरी पोहोचेपर्यंत आपल्याला किती जणांनी काही ना काही पटवले, ते बोटांवर मोजायचे. मी मोजले. रस्त्याकडेच्या भिंतीवर बोंडांनी वाकलेली पऱ्हाटी रंगवलेली, खाली बियाण्याचे नाव. पानठेल्यावर पुढाऱ्याचे हात जोडलेले चित्र. भोंगा लावलेली गाडी, तिच्यात एकच वाक्य फिरून फिरून. कृषी केंद्राच्या दारात औषधाचे नाव छापलेली टोपी, फुकट. एक ओळखीचा तरुण, त्याच्या हातात झाडे लावून दहा वर्षांत लाखो मिळवण्याची योजना. फायनान्सवाला पोरगा, "काका, ट्रॅक्टर उद्याच दारात उभा करतो." घरात ठेवलेल्या शेवटच्या कापसाचा वास काढत आलेला खेडा खरेदीवाला, "भाव पडणार हायेत, आजच मोजा." मोबाईलवर संदेश, आज भरले नाही तर योजना बंद. एका बाबाचे पत्रक, एकवीस लोकांना वाटा नाहीतर नुकसान होईल. घरी पाहुणा बसलेला, पोरीच्या लग्नात पंगत मोठी केली नाही तर लोक काय म्हणतील, हे सांगायला. आणि मारुतीच्या देवळाच्या खांबावर आपल्याच संघटनेचे पत्रक: चलो अमरावती.

अकरा झाले. या अकरांपैकी एकानेही, 'मी तुम्हाला पटवतो आहे' असे म्हटले नाही. प्रत्येकाचे म्हणणे एकच: तुमच्या भल्याचे सांगतो.

जिल्हा बैठकीसाठी लिहिताना दरवर्षी आपण भावाबद्दल लिहितो, कर्जाबद्दल लिहितो. या वेळी जरा वेगळ्या विषयावर लिहायचे ठरवले. कारण हंगामाच्या तोंडाशी कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा घराबाहेर पडतो तो बहुतेक वेळा कोणी तरी काही तरी पटवले म्हणून. पाऊस आपल्या हातात नाही, बाजार आपल्या हातात नाही. कोणाचे ऐकायचे एवढे तरी आपल्या हातात आहे की नाही, हा आजचा प्रश्न.

पटवणे म्हणजे पाप नव्हे

आधी एक गैरसमज काढून टाकू. पटवणारा प्रत्येक जण लबाड असतो असे नाही. आई लेकराला शाळेत जायला पटवते. १८७६ मध्ये शेंडगावात जन्मलेला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ देह ठेवणारा आपला गाडगेबाबा आयुष्यभर पटवतच फिरला. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे कोंबडे-बकरे मारू नका, पोरांना शिकवा. हे त्याने लोकांना पटवले ते कसे? दोन गोष्टींनी. एक, गावात गेल्यावर आधी हातात खराटा घेतला आणि गाव झाडले. बोलणे रात्री, काम दिवसा. दुसरे, कीर्तनात त्याने उत्तरे कमी दिली आणि प्रश्न जास्त विचारले. समोरचा माणूस आपल्या तोंडाने उत्तर द्यायचा आणि स्वतःच्याच उत्तराने अडकायचा. बाबा लोकांच्या डोक्याला कुलूप घालत नव्हता, कुलूप काढत होता.

म्हणून फरक लक्षात ठेवा. पटवणे वेगळे, फसवणे वेगळे आणि दाबणे वेगळे. ओळखण्याची खूण सोपी आहे. समोरच्याला एक साधा प्रश्न विचारा. जो खरेच पटवतो आहे तो प्रश्नाने खुलतो, दुसरा प्रश्न विचारा म्हणतो. जो फसवतो आहे तो विषय बदलतो. जो दाबतो आहे तो चिडतो.

आता पटवण्याचे प्रकार एकेक पाहू.

अर्धा आकडा

पहिला प्रकार आकड्याचा. 'या वाणाने एकरी दोन क्विंटल जास्त.' आकडा खोटा असेलच असे नाही. बहुतेक वेळा तो अर्धा असतो.

समजा, दोन क्विंटल खरेच जास्त आले आणि भाव ७,००० रुपये मिळाला. हातात १४,००० जास्त. गाडीवरचा भोंगा इथे थांबतो. आपण थांबायचे नाही. दोन क्विंटल वेचायला किलोला १० रुपयांप्रमाणे २,००० गेले. वाण खादाड, जादा खत २,५०० चे. तीन फवारण्या जास्त, प्रत्येकी १,२०० प्रमाणे ३,६००. एकूण ८,१००. उरले ५,९००. तरी फायदाच म्हणाल. पण हा चांगल्या पावसाच्या वर्षाचा हिशेब झाला. ज्या वर्षी ऑगस्टात पावसाने दीड महिना दडी मारली, त्या वर्षी जादा दोन क्विंटल आलेच नाहीत. वेचाई वाचली, पण खत आणि फवारणी तर होऊन गेली. ६,१०० पाण्यात. एक वर्ष चांगले आणि एक वर्ष वाईट धरले तर दोन वर्षांचा फायदा किती? उणे २०० रुपये. ओलिताच्या शेतकऱ्याला तेच वाण परवडेल, कारण त्याचे वाईट वर्ष आपल्याइतके वाईट नसते. आकडा तोच, जमीन वेगळी.

ज्वारीच्या बाबतीत हा अर्धा आकडा आपण स्वतःच स्वतःला पटवला. एकरी दाण्याचे पैसे मोजले, सोयाबीनच्या पैशाशेजारी ठेवले आणि ज्वारी मोडली. कडबा कोणी मोजला? ज्या घरी बैलजोडी आणि दोन म्हशी होत्या, त्या घराने वैरण विकत घ्यायला लागल्यावर कडबा मोजला. तोपर्यंत बैल बाजारात गेले होते. ज्वारी मोडायला नको होती असे माझे म्हणणे नाही. पावसात सापडून दाणा काळा पडणे, पाखरे, रानडुकरे, पडलेला भाव ही कारणे खरी होती. म्हणणे एवढेच, की हिशेबात एक बाजू लिहायची राहिली.

दुसऱ्याच्या तोंडून

दुसरा प्रकार साक्षीचा. 'मी सांगत नाही, तुमच्यासारखाच शेतकरी सांगतो.' हा सर्वांत बळकट प्रकार, कारण शेतकऱ्याचा विश्वास शेतकऱ्यावर असतो. म्हणून याची गोष्ट नीट सांगतो. ती आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातली आहे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी टाइम्स ऑफ इंडियाच्या नागपूर आवृत्तीत भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांवर पानभर मजकूर आला. बीटी कपाशीने या गावांत सुबत्ता आणली, इथे एकाही शेतकऱ्याने आत्महत्या केली नाही, असा त्याचा सूर. तोच मजकूर २८ ऑगस्ट २०११ रोजी त्याच वर्तमानपत्रात पुन्हा आला. फरक एवढाच, की पहिल्या वेळी ती बातमी होती आणि दुसऱ्या वेळी ती पैसे देऊन छापलेल्या पानावर होती. मार्च २०१२ मध्ये संसदेच्या शेतीविषयक स्थायी समितीचे खासदार बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखाली भांबराजात आले. गावकऱ्यांनी त्यांना सांगितले, आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. मे २०१२ मध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये हे सगळे प्रकरण मांडले. २००८ ची पत्रकारांची सहल बियाणे कंपनी महिको मोन्सँटो बायोटेकने घडवून आणली होती, हेही त्यात आले. त्याच सुमाराच्या जाहिरातीत बीटीमुळे देशातल्या कापूस उत्पादकांचे उत्पन्न ३१,५०० कोटी रुपयांनी वाढले, असा दावा होता. जाहिरातींची तपासणी करणाऱ्या परिषदेकडे तक्रार गेली, तेव्हा त्या जाहिरातीतले दावे सिद्ध झाले नाहीत असा निर्णय लागला.

आता इथे थांबून दोन्ही बाजूंनी विचार करू. वर्तमानपत्रात 'आत्महत्या नाही' असे छापले होते, ते गावाने खोडले. हा धडा पहिला: बातमी आणि जाहिरात एकाच कपड्यात येऊ शकतात, म्हणून पानाच्या कोपऱ्यातले बारीक अक्षर आधी वाचावे. पण धडा दुसराही आहे. चौदा आत्महत्या झाल्या, म्हणून त्या बीटीमुळेच झाल्या, असे कोणी व्यासपीठावरून ठोकून दिले, तर तेही पटवणेच आहे आणि तेही अर्धेच आहे. कर्ज, भाव, पाऊस, आजारपण, घरचा ताण, यांतले काय किती, हे एका वाक्यात सांगता येत नाही. आपल्या बाजूचे वाक्य आहे म्हणून ते आपोआप खरे होत नाही.

साक्षीबद्दल एक शेवटची गोष्ट. जाहिरातीत नेहमी धन्याचा फोटो असतो, बोंड हातात घेऊन हसणारा. वेचणाऱ्या बाईचा नसतो. बोंड केवढे, कापूस सुटतो की अडकतो, वेचे किती झाले, किलो व्हायला किती वेळ लागला, हे सर्वांत आधी तिला कळते. बियाणे ठरवायच्या आधी गावातल्या दोन वेचणाऱ्या बायांना विचारा. त्यांची साक्ष कोणी विकत घेतलेली नसते.

भीती आणि घाई

तिसरा प्रकार भीतीचा. भीती खोटीच असते असे नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपली बोंडेच्या बोंडे आतून पोखरली, ती भीती खरी होती. बोंडअळीला दाद देणार नाही म्हणून घेतलेली बीजी-२ कपाशीच अळीने खाल्ली. पण खऱ्या भीतीच्या मागे खोटा धंदाही येतो. फूल दिसले की फवारा, चार औषधे एका पंपात मिसळा, उद्या उशीर होईल. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती. डोक्यावर गेलेली पऱ्हाटी, अंगावर कापडाखेरीज काही नाही, वाऱ्याची दिशा. पण न मोजता फवारायची सवय त्यांतले एक होते.

भीतीला उतारा मापाचा. कृषी विद्यापीठाचे माप साधे आहे: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा शंभर फुला-बोंडांत दहा किडलेली निघाली, तर फवारणी करा. नाहीतर थांबा. सापळा ओरडत नाही आणि त्याला कमिशनही नसते. जो भीती दाखवतो तोच औषध विकत असेल, तर दुसऱ्या कोणाला तरी विचारल्याशिवाय बाटली उचलू नये.

चौथा प्रकार घाईचा, आणि तो भीतीचा सख्खा भाऊ. 'शेवटची दहा पाकिटे उरली.' मे २०२४ मध्ये अकोल्यात एका विशिष्ट वाणासाठी कडक उन्हात रांगा लागल्या, बायामाणसे पाकिटासाठी तासन् तास उभी राहिली. दुसरी वाणे दुकानात पडून होती. माल टंचाईचा झाला की तो चांगला असेल असे मन म्हणते. खरे तर टंचाईवरून एवढेच कळते की मागणारे जास्त आहेत. कापूस बियाण्याची कमाल किंमत २०१५ च्या आदेशापासून केंद्र सरकार ठरवते. ती पाकिटावर छापलेली असते. घाईत माणूस छापील किमतीपेक्षा जास्त देतो आणि वर बिलही मागत नाही.

फुकट आणि उधार

पाचवा प्रकार न बोलता पटवण्याचा. टोपी फुकट, शेतकरी मेळाव्यात जेवण फुकट, जास्त पाकिटे घेतली तर सहल फुकट. घेतलेल्याची परतफेड करावी, हा आपला संस्कार आहे आणि चांगला आहे. विकणाऱ्याला तो संस्कार माहीत असतो.

पण टोपीपेक्षा मोठी गोष्ट उधारीची. गेल्या वर्षीचे पैसे बाकी असताना दुकानात गेलेला माणूस वाण निवडत नाही, त्याला वाण मिळते. युरियाच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारली तरी तो नाही म्हणू शकत नाही. मी स्वतः एका वर्षी असाच तीन बाटल्या टॉनिक घेऊन आलो. दुकानदार चांगला माणूस, कधी वसुलीला घरी आला नाही. "घेऊन जा भाऊ, पैशाचं पाहू मंग," एवढेच म्हणाला. त्याने मला काहीच पटवले नाही. त्याच्या वहीने पटवले. त्या बाटल्यांनी पऱ्हाटी हिरवी झाली, बोंडे तेवढीच राहिली आणि हिशेब मात्र वाढला.

म्हणून उधार घ्यावेच लागत असेल, आणि आपल्यातल्या बहुतेकांना लागते, तर घरून यादी लिहून न्यावी. यादीत नसलेली वस्तू उधारीत घ्यायची नाही, एवढा नेम पाळला तरी हंगामाला दोन-चार हजार वाचतात.

नात्याच्या दोरीने

सहावा प्रकार नात्याचा. दुप्पट पैसे देणाऱ्या योजना गावात येतात तेव्हा त्या परक्या माणसाच्या हातात नसतात. त्या साळ्याच्या, मास्तरच्या, भजनी मंडळातल्या सोबत्याच्या हातात असतात. 'पर्ल्स' नावाने ओळखली जाणारी पीएसीएल कंपनी शेतजमिनीच्या नावावर लोकांकडून हप्ते घेत होती. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने पैसे परत करण्याचा आदेश दिला, तेव्हा रक्कम ४९,१०० कोटींची आणि गुंतवणारे साडेपाच कोटींच्या वर निघाले. देशभर इतकी माणसे एका कंपनीने नाही गोळा केली, ती एकमेकांच्या ओळखीने गोळा झाली. एजंटही बहुधा फसवायला निघालेला नव्हता. त्याने स्वतःचेही पैसे घातलेले होते. त्याचा प्रामाणिकपणा खरा होता, फक्त त्याची माहिती खोटी होती.

माणूस चांगला आहे आणि माल चांगला आहे, ही दोन वेगळी वाक्ये आहेत. "दाजी, तुमच्यावर भरवसा हाय, कंपनीचे कागद दाखवा," असे म्हटल्याने नाते तुटत नाही. तुटत असेल तर ते नाते नव्हते, तो सौदा होता.

जातीच्या, धर्माच्या, गावाच्या नावाने होणारे पटवणेही याच दोरीचे. 'आपला माणूस' म्हटले की प्रश्न विचारणे पाप वाटायला लागते. आपल्या माणसाला तर जास्त प्रश्न विचारता आले पाहिजेत.

मोठा आकडा, बारीक अक्षर

सातवा प्रकार सरकारी. २९ फेब्रुवारी २००८ च्या अंदाजपत्रकात ६०,००० कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, पुढे आकडा ७१,६८० कोटींवर गेला. गावोगाव फटाके फुटले. मग बारीक अक्षर वाचले. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला थकबाकी पूर्ण माफ. त्यावरच्या शेतकऱ्याला २५ टक्के सूट, पॅकेजच्या जिल्ह्यांत किमान २०,००० रुपये, तीही उरलेले भरल्यावर. आता वऱ्हाडातला कोरडवाहू सात-आठ एकरवाला. त्याचे उत्पन्न बागायती दोन एकरवाल्याइतके नाही. पण सातबाऱ्यावर तो 'मोठा शेतकरी' ठरला. माफी खोटी नव्हती. ती आपल्या जमिनीच्या मापाने कापलेली नव्हती. घोषणा ऐकताना आकडा ऐकू आला, अट ऐकू आली नाही.

आपल्या नांदगाव पेठेने असे मोठे आकडे जवळून पाहिले आहेत. इथल्या औष्णिक वीज प्रकल्पाचा आकडा १,३५० मेगावॅटचा. अप्पर वर्धा धरणाचे पाणी त्याला द्यायचे ठरले तेव्हा २०१०-११ च्या सुमारास आंदोलने झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. एक बाजू विजेचे आणि नोकऱ्यांचे बोलत होती, दुसरी बाजू भिजणाऱ्या हेक्टरांचे. दोन्ही बाजूंकडे आकडे होते, पण ते एकमेकांना उत्तर देत नव्हते. असे होते तेव्हा ऐकणाऱ्याने दोघांना एकच प्रश्न विचारावा: पाणी कमी पडेल त्या वर्षी आधी कोणाचे तोडणार?

आता इथेच पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्क येतो आहे. मार्च २०२३ मध्ये घोषणा, २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात पायाभरणी. अशा प्रत्येक पार्कमधून एक लाख थेट आणि दोन लाख अप्रत्यक्ष रोजगार होतील, असे योजना मांडताना २०२१ मध्येच सांगितले गेले. झाले तर आनंदच आहे. कापूस इथे पिकतो आणि कपडा भलतीकडे होतो, हे दुखणे जुने आहे. पण आकड्याला तीन प्रश्न चिकटवून ठेवा. कोणत्या वर्षापर्यंत? कोणत्या कामाच्या, किती पगाराच्या? आणि गिरणी दारात आल्याने माझ्या कापसाचा भाव क्विंटलला किती वाढेल, की ती गिरणी जिथे स्वस्त मिळेल तिथून गाठी आणेल? हे प्रश्न विचारणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे. सोयरीक जुळवताना मुलाचा पगार विचारतोच ना आपण?

आणि आपण स्वतः

आठवा प्रकार घोषणेचा, आणि इथे हे पत्रक स्वतःकडे बोट दाखवते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हटले की आजही अंगावर काटा येतो. पण अंगावर काटा येणे हा पुरावा नव्हे. त्या घोषणेत बळ होते, कारण तिच्या मागे उत्पादन खर्चाचा हिशेब होता. तो शिबिरांतून फळ्यावर मांडला जात असे आणि समोर बसलेला शेतकरी तो खोडूही शकत असे. हिशेब विसरून नुसती घोषणा उरली, तर आपल्यात आणि त्या भोंग्याच्या गाडीत फरक काय राहिला?

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेली तणनाशक सहन करणारी कपाशी सगळ्यांसमोर पेरली. ते बरोबर की चूक, यावर बैठकीत दोन मते आहेत आणि असू द्यावीत. पण पटवण्याच्या रीतीत एक गोष्ट स्वच्छ होती. ते दिवसाढवळ्या, नाव सांगून, परिणाम पत्करून केलेले होते. तेच बियाणे रात्री पिशवीतून विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पाकिटावर लॉट नंबर नाही, उगवणशक्ती नाही, चाचणीची तारीख नाही, हातात बिल नाही. तंत्रज्ञान मिळण्याचा हक्क मागणे एक, आणि अंधारात कोणाचीही सरकी घेणे दुसरे. उगवले नाही तर कोणाच्या दारात जाणार?

म्हणून कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे. आपल्या सभेत कोणी उठून अडचणीचा प्रश्न विचारला, तर त्याला खाली बसवू नका. पुढे बोलवा.

डोळ्यांनी पटवून घ्या

पटवण्याचा एक प्रकार मुद्दाम शेवटी ठेवला. १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. 'हायब्रीड' हा शब्द त्याच पिढीत घरोघर गेला. भाकरीला चव नाही, कडबा आखूड, अशा तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. तरी ती पसरली. भाषणाने किती पसरली माहीत नाही, पण धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचे कणीस दिसत होते. पाहणाऱ्याला तोटाही दिसत होता आणि फायदाही. त्याने आपल्या घरच्या गरजेप्रमाणे काही वावर गावरान ठेवले, काहीत हायब्रीड पेरली. पटवून घ्यायची ही आपली जुनी आणि शहाणी रीत आहे.

तीच पुन्हा धरू या. नवे वाण, नवे औषध, नवी पद्धत, काहीही असो. सगळे वावर लावायचे नाही. एका धुऱ्याकडून आठ तास नव्याचे, शेजारी आठ तास आपल्या नेहमीच्या वाणाचे. जमीन एक, पेरणीचा दिवस एक, खत एक. वेचणी वेगळी, वजन वेगळे, खर्च वहीत वेगळा. गावात पाच जणांनी केले तर दिवाळीनंतर गावाकडे स्वतःची साक्ष तयार होईल. अशी साक्ष कोणाला विकत घेता येणार नाही आणि कोणाला खोडता येणार नाही.

बैठकीला येताना प्रत्येकाने तीन गोष्टी आणाव्यात ही विनंती. गेल्या हंगामातले रिकामे बियाण्याचे पाकीट, त्याचे बिल, आणि एक कागद. कागदावर एवढेच लिहावे: हे मी कोणाच्या सांगण्यावरून घेतले, त्याने काय सांगितले, आणि शेवटी काय झाले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, दुसरा लिहून घेईल. मायबहिणींचे कागद वेगळे घ्यावेत, धन्याच्या कागदात घालू नयेत. पाकीट आणि बिल नसेल, तर तेही लिहावे. पुढच्या वर्षी जपून ठेवण्याची आठवण राहील, कारण बियाणे फसले तर तालुक्याच्या तक्रार समितीसमोर हा पुरावा लागतो.

आणि कागदाच्या पाठीवर हे पाच प्रश्न उतरवून घ्या. हे सांगण्यात सांगणाऱ्याचा काय लाभ? हे खोटे ठरले तर नुकसान कोणाचे? कोणती बाजू सांगायची राहिली? आजच ठरवले नाही तर खरेच काय बिघडते? आणि हे थोडक्यात करून पाहता येईल का?

हे प्रश्न कृषी केंद्रात विचारा, एजंटाला विचारा, पुढाऱ्याला विचारा. या पत्रकालाही विचारा. उत्तर पटले नाही तर बैठकीत उभे राहून सांगा. त्यासाठीच बैठक आहे.